ओढ्यातली ऐनाची फळी

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. नाक मुरडू नका. दुकानापुढच्या गटारावर टाकलेली, शाळेत जाताना तुम्ही चपला आपटत ओलांडायचात ना, तीच मी. लाकूड माझं ऐनाचं आहे, आणि एके काळी मी ओढा अडवलेला आहे.

कर्जतच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी आमची वाडी. पावसात इथे पाणीच पाणी, पण सगळं धो धो खाली पळतं आणि होळीनंतर विहिरीचा तळ दिसतो. मग माणसं वीटभट्टीवर जातात. वाडीतल्या धाऊचा मुलगा सुनीलही जायचा. शेवटी धाऊने वाडी गोळा केली, वादळात पडलेला ऐन कापून फळ्या काढल्या आणि ओढ्यात दगडी खांब उभे केले.

दिवाळी झाली की खांबांच्या खाचांत फळ्यांच्या दोन रांगा बसवायच्या आणि मधे चिखल भरून पायांनी तुडवायचा. पावसाआधी फळ्या काढून ठेवायच्या. घरटी एक माणूस यायलाच हवं. धाऊची बायको भागी सगळ्यांत आधी चिखलात उतरायची. "अगं, नुसती नाचू नको, टाच मार, टाच!" असं बायांवर ओरडायची.

पाणी थांबलं. विहीर मे महिन्यातही आटली नाही. भागीने वाल लावला, आणि सुनीलचं भट्टीवर जाणं सुटलं. लांबून पाहुणे येऊन आमचे फोटो काढायचे. खोटं कशाला बोलू, मी फुगून जायची.

मग जरा खालच्या बाजूला सिमेंटचा बंधारा झाला. उद्घाटनाच्या स्टेजला फळ्या आमच्याच! आमच्यावर उभं राहून पाहुणे म्हणाले, आता कुणाला चिखल तुडवावा लागणार नाही. टाळ्या कडाडल्या. दुसऱ्या दिवशी धाऊने आम्हाला वाटूनच टाकलं. कोणी शेळ्यांच्या वाड्याला नेली, कोणी चुलीत घातली. मी गटारावर आले.

"अवो, एक साल तरी थांबा. त्यात पानी ऱ्हातंय का बघा," भागी म्हणाली.

"सिमेंट हाय ते. आता फळ्या काय पुजायच्या हायेत?" धाऊ म्हणाला.

पावसाळा सरला आणि पाणी सिमेंटच्या खालून निघून गेलं. दिवाळीनंतर भागी घरोघर फिरली. "चला रं, उरल्यात त्या फळ्या काढा, चिखल भरू." कोणी उठलं नाही. "सरकारचा बंधारा हाय, सरकार बघंल." असा संताप आला म्हणून सांगू! तुमचे पाय काय सरकारने नेले होते?

यंदा विहीर होळीआधीच आटली. सुनील बायकोपोरं घेऊन भट्टीवर गेला. वाडीला टँकर सुरू झाला. परवा टँकर ओढा ओलांडताना वाळूत रुतला. जिथे आमचं कमरेएवढं पाणी उभं राहायचं, नेमका तिथेच. ड्रायव्हर ओरडला, "फळी आणा रे कोणीतरी!" धाऊने मला गटारावरून उचलून नेलं आणि चाकाखाली सारलं. टँकर निघाला. मी मधोमध फुटले.

"बरी सापडली फळी," धाऊ घाम पुसत म्हणाला.

भागी हंडा घेऊन उभी होती. "हिनं आपलं पानी धरलं व्हतं," ती म्हणाली, "आन् तुमी हिच्यावरनंच टँकर आणला."

मित्रांनो, मला जपा, असं आता मी म्हणत नाही. फुटलेली फळी ओढ्यात बसत नाही. पण दिवाळीनंतर भागी पुन्हा हाक मारील. तुमचे पाय अजून धड आहेत.