हौसाची बिरजीस

संस्थान विलीन झालं आणि केरबा ज्या सरदारांकडे घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार होता, त्यांची पागा मोडली. मोठी घोडी कुठं कुठं गेली. उरली ती ठेंगण्या बांध्याची, पांढऱ्या पायांची एक तट्टाणी. तिला कुणी नेईना, म्हणून सरदारांनी तिचा कासरा केरबाच्याच हाती दिला. अशी चिंगी गडमुडशिंगीला आली आणि केरबाच्या दहा वर्षांच्या हौसाची होऊन बसली.

केरबाची शिस्त मात्र पागेतलीच राहिली. घोडं आधी, माणूस मागनं. शाळेला जायच्या आधी हौसानं खरारा करायचा, खूर साफ करायचे, आयाळ विंचरायची. त्याशिवाय तिला भाकरी मिळायची नाही.

बावन्न सालच्या थंडीत कोल्हापूरच्या मैदानावर मुलांच्या घोडेस्वारीचा सामना ठरला. पहिली फेरी टापटिपीची होती. छापील कागदावर नियम होते : घोडं स्वच्छ, सामान चकचकीत, स्वाराच्या अंगात पांढरा सदरा आणि खाकी बिरजीस, म्हणजे घोड्यावर बसायची तंग विजार, पायात बूट, डोक्याला फेटा. हौसाला तो कागद पाठ झाला होता. आईनं, बयाबाईनं, केरबाची जुनी बिरजीस कापून तिच्या मापाची शिवली, धुतली आणि कुंपणावर वाळत घातली.

सामन्याच्या दिवशी सकाळी हौसा परड्यात गेली, तर चिंगी शांतपणे रवंथ केल्यासारखी तोंड हलवत होती. बिरजिशीचा बसायचा भाग भाकरीएवढा गायब!

हौसानं भोकाड पसरलं.

"आरडतीस कशाला?" सामना बघायला म्हणून आलेली झुंबरबाई आत्ती दारातनं गरजली. ऐन उमेदीत ती तट्टावर बसून बाजाराला जायची. "आमी काय बिरजीस घालून बसत हुतो व्हय? हिकडं ये."

तिनं गाठोड्यातलं हिरवं लुगडं काढलं, निम्मं दुमडलं आणि हौसाला नेसवलं. कासोटा असा आवळला की पोरीचा श्वासच अडकला. पदर छातीवरनं घेऊन कमरेला गच्च खोचला. वर केरबाचा फेटा, पायात थोरल्या भावाचे बूट.

"आता फुडं घोडं उधळलं तरी ह्यो काष्टा सुटायचा न्हाय," आत्ती म्हणाली.

मैदानावर चौदा पोरं रांगेत उभी होती, सगळी खाकीत. सामन्याचे चिटणीस दत्तोपंत यादी घेऊन हौसापाशी थबकले.

"बिरजीस कुठं आहे?"

"घोडीनं खाल्ली."

रांगेत खसखस पिकली. दत्तोपंतांनी चष्मा सारखा केला. "हे नियमात बसत नाही, बाळ."

केरबानं घोडी परत न्यायला लगामाला हात घातला. हौसाच्या डोळ्यांत पाणी दाटलं. तेवढ्यात पंच गणपतराव पुढं आले. फौजेतले निवृत्त रिसालदार, मिशा दोन्हीकडं वळलेल्या. "थांबा. आधी घोडी बघू."

खिशातला पांढरा रुमाल त्यांनी चिंगीच्या पाठीवरनं फिरवला, कानामागं फिरवला, पोटाला आवळलेल्या तंगाखाली घातला. रुमाल तसाच पांढरा! मग एकेक खूर उचलून पाहिला.

"खरारा कुणी केला?"

"मी केला की. आबा नुस्ता बघत हुता."

गणपतरावांच्या मिशा हलल्या. ते दत्तोपंतांकडे वळले. "बिरजीस कशासाठी घालायची, लिहिलंय का?"

"तसं... नाही लिहिलेलं."

"मी सांगतो. पाय सोलवटू नयेत, कापड रिकिबीत अडकू नये, वाऱ्यानं फडफडून घोडं बुजू नये. पोरी, दोन फेऱ्या मार. चौखूर!"

हौसानं टाच मारली. चिंगी अशी सुटली की कडेची माणसं ओरडायलाच लागली. हौसाच्या कानात वारा शिरला, पोटात गुदगुल्या झाल्या आणि मघाचं रडू कुठल्या कुठं गेलं. दुसऱ्या फेरीला तर ती हसतच होती. परत येऊन उभी राहिली तेव्हा फेट्याचा शेमला पुढं आला होता; लुगडं तसूभर हललं नव्हतं.

"चालेल," गणपतराव म्हणाले.

टापटिपीत पहिला नंबर वकिलांच्या बंडूचा आला. हौसाचा दुसरा. तिच्या एका बुटाची नाडी काळी आणि एकाची तपकिरी निघाली, अर्धा गुण तिथं गेला. पण घोडीचे गुण चिंगीला पैकीच्या पैकी मिळाले. केरबा तर भेटेल त्या माणसाला थांबवून तेवढंच सांगत सुटला. दत्तोपंतांनी स्वतःच टाक पुढं केला आणि गणपतरावांनी छापील नियमाखाली ठसठशीत अक्षरात लिहिलं : 'मुलींना कासोट्याचं लुगडं चालेल. पदर खोचलेला असावा.'

इतका वेळ दोरीपलीकडं उभी असलेली दत्तोपंतांची मुलगी, हौसापेक्षा ठेंगणी लीला, ते वाचून पळतच झुंबरबाईपाशी आली.

"मलाही नेसवाल? मलाही घोडीवर बसायचंय."

"नेसवतो की! आईचं लुगडं तेवढं घिऊन ये."

लीलानं वडिलांकडं पाहिलं. दत्तोपंतांनी क्षणभर आकाशाकडं पाहिलं आणि मान डोलावली. लीला लुगडं आणायला घराकडं धावत सुटली, आणि हौसा तिच्यासाठी चिंगीच्या रिकिबींचे पट्टे आखूड करायला लागली.