उजव्या बुटाचं गाऱ्हाणं

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे, उजव्या पायाचा. बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यात एका घराच्या दाराशी लोखंडी मांडणी आहे, तिच्या खालच्या कप्प्यात मी पडून असतो. डावा माझा जुळा भाऊ, पण तो मुखदुर्बळ. म्हणून बोलायचं काम माझ्याकडे आलं. मी जीव तोडून बोलणार आहे, कारण जेव्हा बोलायला हवं होतं तेव्हा माझा आवाज कुणाच्या कानी गेला नाही.

आमचा जन्म आग्र्याच्या एका कारखान्यातला. जाड तळवा, आत मऊ गादी, वर निळं जाळीदार कापड. खोक्यात दोघं उलटसुलट झोपलो ते थेट बुऱ्हाणपुरात जागे झालो. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. होळी नुकतीच सरली होती आणि या घरच्या आत्माराम बाबूंच्या रक्तात साखर निघाली होती. निघणार नाही तर काय! रविवारी मावा जिलेबी, सणाला रव्याचा गोड दराबा, आणि कचेरीत फायलींसोबत दिवसभर चहा. डॉक्टरांनी बजावलं, गोड बंद, गोळ्या वेळेवर, रोज चालायचं आणि बुटांशिवाय घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. बाबूंची मुलगी वर्षा कॉलेजात शिकते. तिने दुकानात दहा जोड उलटेपालटे करून आम्हाला निवडलं.

काय दिवस होते ते! चैत्राच्या सकाळी हवेत गारवा असायचा, कडुनिंबाला मोहर आलेला असायचा आणि आम्ही बाबूंना घेऊन राजघाटाकडे निघायचो. तापीपलीकडे जैनाबादच्या झाडांवर ऊन येईपर्यंत फिरायचं, मग परत. बाबू आधी शंभर पावलांत धापा टाकायचे. पुढल्या वसंतापर्यंत ते न थांबता तासभर चालू लागले. घरात गव्हाच्या पोळीच्या जागी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आली. पँट ढिली झाली. "या बुटांनी माझी तब्येत बनवली बघ," असं ते बायकोला, मनकर्णाबाईंना, सांगायचे. मी खोटं कशाला बोलू, मला त्या शब्दांचा फार गर्व होता.

पण एक गोष्ट मला हळूहळू कळत गेली आणि ती घरात कुणालाच माहीत नव्हती. एकदा वर्षाच्या केसांची पिन माझ्यात पडली. बाबूंनी मला तसंच पायात घातलं. पिन त्यांच्या अंगठ्याखाली रुतत होती, आणि ते मजेत गप्पा मारत घाट चढून आले! घरी पिन खाली पडली तेव्हा हसून म्हणाले, "बघा, माझे पाय लोखंडाचे झाले!" सगळे हसले. मी मात्र हादरलो. लोखंडाचे कसले? साखरेनं त्या पायांची जाणीवच खाऊन टाकली होती. दुखलं हे सांगणारं आत कुणी उरलं नव्हतं.

यंदा पाडव्याच्या दोन दिवस आधी बाबूंचे मित्र सुकलाल आले. माणूस मनाचा चांगला, पण मोबाईलवर येईल ते ब्रह्मवाक्य समजणारा. म्हणाले, "आत्माराम भाऊ, या चैत्राच्या नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहू. सकाळी रेतीवर चालू, अन् नवमीला पायी इच्छापूर, देवीला. मोबाईलवर आलंय ना, अनवाणी चाललं तर तळपायाच्या सगळ्या नसा खुलतात. शुगर तर अशी भागून जाईल! देवीचं बी होईल अन् तब्येतीचं बी."

वर्षा म्हणाली, "पप्पा, डॉक्टरनी काय सांगितलं होतं? जूते पहनके. विसरले का?"

"अगं, नऊ दिवसाची तर बात आहे," बाबू म्हणाले. "अन् माझे पाय तर तुला माहीतच आहेत."

मनकर्णाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "देवीच्या कामात टोकू नको गं." झालं. चांगल्या सवयीत श्रद्धा मिसळली की बोलणाऱ्याचं तोंडच बंद होतं. पाडव्याला बाबूंनी कडुनिंब-गूळ खाल्ला, आम्हा दोघांना फडक्यानं पुसलं आणि मांडणीत ठेवलं. "तुम्हीही आराम करा," म्हणाले.

कसला आराम! यंदा चैत्रातच ऊन डोक्यावर आलं होतं. बाबू सकाळी निघायचे, पण देवळात आरती, मग सुकलालच्या गप्पा, आणि परतेपर्यंत डांबर तापलेलं असायचं. सुकलाल चटके बसून दारात नाचत यायचे. बाबू शांतपणे, राजासारखे यायचे. शेजारीपाजारी म्हणायचे, "देवीची कृपा आहे!" मी मांडणीतून ओरडत होतो, अहो, कृपा नाही ती! त्याला चटका बसतो म्हणून तो पाय उचलतो, तुम्हाला कळतच नाही!

पाचव्या दिवशी उजव्या तळव्याला फोड दिसला. सहाव्या दिवशी तो फुटला. बाबू नळाखाली पाय धुवायचे, पण वरून. मी जमिनीलगत पडलेला, म्हणून मला तळवा दिसायचा. सातव्या दिवशी फरशीवर लाल ठिपके उमटले. मनकर्णाबाईंनी ते पाहिले. पाहिले हो! आणि "पूजेचं कुंकू सांडलं वाटतं," म्हणत ओल्या फडक्यानं पुसून टाकले. त्या क्षणी मला हातपाय असते तर मी त्यांचा पदर धरला असता. बूट काय करणार? मी तिथेच पडून राहिलो.

नवमीला बाबू इच्छापूरला निघाले. बाईंनी रिवाजाप्रमाणे त्यांच्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, नमस्कार केला. सगळं पायाच्या वरच्या बाजूला. आमच्याकडे बाबूंनी एकदा पाहिलंही. घाला ना, घाला, नुसते एकदा घाला, म्हणजे माझी गादी लाल होईल आणि काढताना तुम्हाला दिसेल! ते पायऱ्या उतरून गेले.

परत आले ते जीपमध्ये, सुकलालच्या खांद्यावर हात टाकून, तापानं फणफणलेले. वर्षानं त्यांना पलंगावर निजवलं, पाय पुसायला घेतला आणि किंचाळली. अंगठा काळा पडला होता. खोलीभर वास सुटला. "मम्मी, हे कधीपासून आहे? कोणीच कसं नाही पाहिलं?" मनकर्णाबाईंची नजर फरशीवर गेली. त्यांना ते कुंकू आठवलं असावं.

इंदूरच्या इस्पितळात बावीस दिवस गेले. पाय वाचला. अंगठा आणि शेजारची दोन बोटं वाचली नाहीत.

सुकलाल भेटायला आले तेव्हा दाराशीच रडू लागले. "माझ्यामुळे झालं, भाऊ." बाबू म्हणाले, "अनवाणी चालायला तू सांगितलंस, पण पाय तर माझे होते. मी कधी बघितलेच नाहीत." मनकर्णाबाई हळूच म्हणाल्या, "देवी काय पाय मागते का हो?"

डॉक्टरांनी आता बाबूंना खास चपला करून दिल्या आहेत. काल त्यांनी मला मांडीवर घेतलं आणि पहिल्यांदाच आत हात घातला. इतकी वर्षं चालून गादीवर पाच बोटांचे पाच खळगे पडले आहेत. त्यांनी अंगठ्यापासून एकेक खळगा चाचपला. तिसऱ्यापाशी त्यांचा हात थांबला. मला फार रडू आलं, पण कोरडं कापड कुठून रडणार?

मित्रांनो, वसंतात चालायला जरूर निघा. गोड कमी करा, भाकरी खा, कडुनिंब खा, उपासही करा. पण घरात कुणाला साखर असेल, बाबा असोत, आजी असो, तर त्यांना अनवाणी जाऊ देऊ नका, आणि रोज त्यांचे तळवे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. ते म्हणतील, मला काही दुखत नाही. त्यावर विश्वास ठेवू नका. आजच बघा, हात जोडतो. आमच्या घरात तीन शहाणी माणसं होती, आणि नऊ दिवसांत एकानेही तो तळवा उलटा करून पाहिला नाही.