हात वर

डोंगरात माणसं फिरवून आणणं हाच धाकट्याचा धंदा, आणि त्याचा नियम एकच: बुटात कुठे गरम लागलं की हात वर करायचा. मग सगळी रांग थांबायची. तो बूट काढायला लावायचा, पाय कोरडा करून लाल झालेल्या जागी चिकटपट्टी लावायचा, मोजे बदलायला सांगायचा. फोड आलाच असेल, तर सुई ज्योतीवर तापवून कडेला टोचायचा, पाणी काढायचा, पण वरची कातडी सोलू द्यायचा नाही. "लाजाल तर पाय घालवाल," असं पहिल्याच दिवशी खडसावायचा. वीस वर्षं या नियमाने कुणाचं वाकडं झालं नव्हतं.

या खेपेला थोरला भाऊ बरोबर निघाला. पन्नाशी उलटलेली, त्यात मधुमेह जुना. वहिनीने धाकट्याला बाजूला घेऊन बजावलं, "भाऊजी, रोज संध्याकाळी ह्यांचे पाय बघा. तळपायाला काही लागलं तरी ह्यांना कळत नाही. मागे खिळा घुसला, तो मोजा रक्ताने भरल्यावर कळला."

"काळजी सोडा वहिनी."

पहिल्या दिवशी चार हात वर झाले, थोरल्याचा एकदाही नाही. संध्याकाळी धाकट्याने लांबूनच विचारलं, "दादा, पाय?"

"ठणठणीत."

आता ज्याने आपल्याला बुटाची नाडी बांधायला शिकवली, त्याचा मोजा दहाजणांदेखत कसा ओढायचा? संकोच हो, दुसरं काय. दुसऱ्या दिवशी तर या धाकट्या शहाण्याची छाती फुगली. रांगेतल्या एका कुरकुरणाऱ्या शिक्षिकेला त्याने सुनावलं, "दादाकडे बघा जरा. वय बघा आणि चाल बघा." थोरला हसला आणि पुढे निघाला. एवढं कौतुक झाल्यावर कोण बूट काढून बसतो?

तिसऱ्या दिवशी मुक्कामाच्या खोलीत घाण वास सुटला. तेव्हा कुठे धाकट्याने स्वतः नाडी सोडली. मोजा टाचेला चिकटला होता, ओढला तशी कातडी त्याच्याबरोबर आली. आतली जागा काळी पडली होती आणि लाल रेघ घोट्याच्या वर चढली होती.

"अरेच्चा, कधी झालं हे?" थोरला वाकून बघत म्हणाला, जणू पाय शेजाऱ्याचा.

आठवड्याने इस्पितळात गुडघ्याखालून पाय काढला. वहिनी बाहेर बाकावर बसली होती. तिच्या मांडीवरच्या पिशवीत दोन्ही बूट होते. परिचारिकेने दिले तसे तिने घेतले होते. धाकटा तिच्यासमोर उभा राहिला. त्याला बसवेना.

"वहिनी, मी रोज विचारत होतो. शपथेवर सांगतो, एक दिवस चुकलो नाही."

वहिनीने मान वर केली नाही.

"विचारा म्हटलं नव्हतं भाऊजी," ती म्हणाली. "बघा म्हटलं होतं."