वलांडीवर टांगलेला निंबोळी अर्क

मी निंबोळी अर्क बोलतोय. घिवलीच्या साखरबाईंच्या अंगणात बोंबील वाळत घालायची वलांडी आहे, तिला सुतळीनं टांगलेल्या बाटलीतून. बूच घट्ट आहे, तेव्हा जरा कान लावूनच ऐका.

माझा जन्म सोमवारचा. शेजारी भाड्यानं राहणाऱ्या प्रतीक्षाचा नवरा बोईसरच्या कारखान्यात आहे. तिनं माहेरून आणलेल्या निंबोळ्या कुटल्या, रात्रभर भिजवल्या, फडक्यातून पिळल्या आणि मला साखरबाईंच्या हाती दिलं. उरलेल्या निंबोळ्यांची पुरचुंडीही दिली.

"मावशी, आज संध्याकाळीच वालावर फवारा हं," एवढं सांगून ती माहेरी जायला निघाली.

वाल म्हणजे कुडाजवळचे चार वेल. साखरबाईंच्या आईनं दिलेलं बी. डब्यातलं किड्यांनी फस्त केलं, चांगले चारच दाणे उरले, ते लावले. आता कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा बसून रस शोषतोय. शेंग धरली नाही, तर हे बी कायमचं संपलं.

मी त्याच कामाचा! माझ्या कडूपणानं मावा खाणंपिणं विसरतो. मालकीण साखर आणि मी कडू, जोडी छान जमली असती.

पण साखरबाईंचा जन्म गेला मासळी सुकवण्यात. त्यांनी बाटली हलवून पाहिली. "ऊन दाखवल्याबिगर कशाला जोर येत नाय," म्हणाल्या आणि मला टांगलं. उन्हानंच माझा जीव जातो, हे त्यांना कोण सांगणार? दोन दिवसांत बोंबील कडक झाले आणि मी पाणचट. वेल दोन हातांवर, सगळं दिसत होतं, आणि मी कोंडलेला. फार तडफडलो.

बुधवारी त्यांनी अर्धी बाटली फवारली. आज शनिवार. मावा तसाच आहे, मुंग्यांची रांगही. तीन वेल वाळले. चौथ्यावर फुलांचा एकच तुरा आहे.

त्याच्याजवळ बसून साखरबाई आता रडल्या. "आये, तुजं बी मी घालवलं गं."

अहो, मला ओतून टाका, नवा अर्क करा! पुरचुंडी खुंटीवरच आहे. त्यातल्या निंबोळ्या आज कुटून भिजवा, उद्या संध्याकाळी फवारा, तुरा अजून वाचेल! मी आतून ओरडतोय. वाचणाऱ्यांनो, तुम्ही तरी सांगा त्यांना.

साखरबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि मला हातात घेतलं. वाटलं, सुटलो.

"तुला ऊनच कमी पडलं रं बाबा," त्या मायेनं म्हणाल्या. आणि बोंबील परततात तसं मला दुसऱ्या अंगावर उन्हाकडे फिरवून ठेवलं.