न सुटणारं मौन

"मौन धरलंस तर पोटभर जेव. उपाशी बाईचं मौन देवाला पोचत नाही."

चातुर्मासात दुपारी मौनाने जेवायचा नेम माझ्या आईने मला घालून दिला, तेव्हाचे हे तिचे शब्द. शेवटचा घास झाला की देवाचं नाव घेऊन मौन सोडायचं. मध्येच बोललं तर ताट बाजूला, त्या दिवसापुरतं जेवण संपलं. मालवणापासून बोरीवलीपर्यंत हा नेम मी आणला, आणि अजून चालवते.

आमच्या सोसायटीतल्या अर्ध्या बायका असल्याच नेमांत वाढलेल्या. तरी शेजारच्या रत्नप्रभेने बोलणं टाकलं, जेवण टाकलं, तेव्हा त्यांना त्यात व्रत दिसलं. श्रावण लागला होता ना. नवरा आजारी बायकोला घरात ठेवून ऑफिसला गेला तर तो निष्काळजी. बायको व्रतस्थ असली की तोच भाग्यवान. तिच्या नवऱ्याने, चंद्रप्रकाशने, भाग्यवान व्हायचं ठरवलं. लिफ्टपाशी भेटेल त्याला सांगायचा, "आमची ही मौनात असते हल्ली." हळदीकुंकवाला आलेल्या दोघींनी तर तिला वाकून नमस्कार केला. रत्नप्रभा जेमतेम तिशीची. तिने पाय मागे ओढून घेतले. बायका म्हणाल्या, बघा, नम्रता किती.

त्यात गुरुवारचा वर्ग. पार्ल्याचे विद्याधर सर सोसायटीच्या ऑफिसात सतरंजी घालून 'मनःशांती' शिकवत. सफारी, खिशात दोन पेनं, टेपरेकॉर्डरवर बासरी. कॅसेट गुंतली की सरांची मनःशांती आधी जायची. "श्वासाकडे बघा. जो जागा आहे त्याला चिंता नाही. चिंता झोपलेल्यांना होते." एवढं सांगून ते चहाबरोबर ब्लडप्रेशरची गोळी घ्यायचे.

मीही बसायचे. मला त्यात जड काही नव्हतं. जपाला बसलं की मन उसळीच्या कुकरकडे जातंच. गुरं शेजारच्या अंगणात शिरली तर दावं धरून परत आणावीत, तसं आणायचं. काठी कशाला? पण सरांना काठीच ठाऊक. त्या गुरुवारी त्यांनी रत्नप्रभेकडे बोट दाखवलं. ती भिंतीला टेकून बसली होती, पापणीसुद्धा हलत नव्हती.

"याला म्हणतात स्थैर्य. शिका काहीतरी."

बायका शिकू लागल्या. मला दिसला तो तिचा अंगठा. नखाच्या कडेची कातडी सोलून सोलून लाल झाली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी माझं ताट झाकून घेऊन तिच्याकडे गेले. तिच्यासाठी वाटीत मऊ भात नेला होता. समोर बसले आणि नेमाप्रमाणे मौनाने जेवू लागले. तिने भात चिवडला, मग चमचा खाली ठेवला.

"काकू, तुमचं मौन सुटतं," ती म्हणाली. "माझं सुटतच नाही."

मी घास हातात धरून थांबले.

"सर म्हणतात श्वास बघ. मला दुसरं काही दिसतच नाही हो. सारखा तोच. आता अडकेल, आता थांबेल. छातीतली धडधडसुद्धा ऐकू येते. मग स्वतःचाच राग येतो, की साधा श्वास जमत नाही हिला. सगळ्यांना जमतं. सकाळी जाग आली की वाटतं, आली नसती तर बरं."

म्हणजे ती झोपलेली नव्हती. आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त जागी होती, आणि जे दिसेल त्यावर काठी उगारत होती. सरांनी तिच्या हातात आणखी एक दिली होती.

"उद्या सकाळी मी तुला डॉक्टरकडे नेणार," मी म्हटलं. "मनाच्या. शब्द देते."

आणि माझं ताट बाजूला सारलं.

ती ताटाकडे बघत राहिली. "काकू, तुमचा नेम मोडला."

"असू दे. तू तो भात संपव."

तिने अर्धा संपवला.

संध्याकाळी चंद्रप्रकाशला सांगितलं. सर तिथेच बसले होते. विशेष वर्ग रत्नप्रभेच्या घरी घ्यायचा घाट चालला होता.

"वेड्यांच्या डॉक्टरकडे?" चंद्रप्रकाश म्हणाला. "काकू, लोक तिच्या पाया पडतात."

"पाया पडणारं एक तरी माणूस भात घेऊन आलं का रे?"

सर हसले. "वहिनी, तुम्ही पोथीवाल्या. हा विषय सूक्ष्म आहे. गोळ्यांनी जागृती मंदावते."

"मग तुमची मंदावली का? चहाबरोबर घेता त्या गोळीने?"

सरांनी पेनं नीट केली. मी आवाज चढवत नाही. गरजही पडली नाही. चंद्रप्रकाश म्हणाला, "सोसायटीत, गावात कळलं तर वाट लागेल. मी काही येणार नाही." मी म्हटलं, नको येऊस. ती येते का, एवढंच मला तिला विचारायचंय.

आतल्या खोलीच्या दारात रत्नप्रभा उभी होती. चौकट धरून. तिने होकाराची मान हलवली.

शनिवारी अध्याय संपल्याशिवाय मी उंबरा ओलांडत नाही. त्या दिवशी पोथी मध्यावर असतानाच थांबले, पानात तुळशीची डहाळी ठेवली आणि देवाला म्हटलं, उरलेलं संध्याकाळी. डब्यात मऊ भात, वर मेतकूट आणि तूप. मग चपला घातल्या, आणि शेजारची कडी हळूच वाजवली.