तेजोमेघाची मिशी

"ज्या दिवशी खुंटीला 'हसा जरा' म्हणाल, त्या दिवशी दुकानाला कुलूप लावा."

अण्णांचा हा आवाज छोट्याच्या कानात तीस वर्षं मुक्कामाला होता. अण्णा म्हणजे त्याचे वडील, फोटो स्टुडिओचे मूळ मालक. नजर मंदावत गेली तरी ते कुणाजवळ बोलले नाहीत, आणि एका सकाळी खुंटीवरच्या स्वतःच्याच कोटाला म्हणाले, "हनुवटी खाली. हसा जरा." फोटो निघाला. कोट छान आला होता. संध्याकाळी अण्णांनी कॅमेऱ्यावर काळं फडकं टाकलं आणि दोन्ही मुलांना ते वाक्य दिलं, वारसा म्हणून. कोट तसाच खुंटीवर राहिला.

छोट्या आता बावन्नचा होता, पण थोरली बहीण आहे तोवर माणूस छोट्याच. दिवसा तो गिऱ्हाइकांचे चेहरे टिपायचा. आभाळ निवळलं की गच्चीवर कॅमेरा लावून कृत्तिकांचा झुबका टिपायचा, नाहीतर मृगातला गुलाबी तेजोमेघ. तारे सरकतात, म्हणून त्यांच्या चालीनं कॅमेऱ्याला हळूहळू सरकवणारं यंत्र त्यानं शिवणयंत्राच्या मोटरीतून जमवलं होतं. शटर उघडण्याआधी सवयीनं म्हणायचा, "हलू नका." तारे ऐकायचे नाहीत, पण 'मी जाड दिसतेय' असंही म्हणायचे नाहीत.

दुकानाचा नियम एकच: ट्रेमध्ये पडलेलं कॅमेऱ्याचं कार्ड अक्काचं. अक्का चेहऱ्यावरचे डाग पुसायची, आधी कुंचल्यानं, आता संगणकावर. आठ प्रती कापायच्या, पाकिटावर नाव घालायचं, कार्ड कोरं करून परत द्यायचं. कधी एक तीळ चुकवला नव्हता तिनं. काम करताना गुणगुणायची:

सहा बहिणी अंगणात, सातवी कुठं गेली,
दिवा लावून दारात रात सरून गेली.

यंदा मात्र आक्रीत झालं. छोट्यानं कृत्तिका टिपल्या, कार्ड ट्रेमध्ये टाकलं, आणि पाकिटातून निघाले आठ काळेकुट्ट चौकोन. पासपोर्टच्या मापाचे. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

"अक्का, यात तुला काही दिसतंय?"

"स्वच्छ आहे की," अक्का म्हणाली. "एक डाग नाही."

छोट्या हबकला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तर झुबका लखलखत होता! अक्काचा हात चुकेल, ही शंका त्याला शिवलीसुद्धा नाही. एक वेळ सूर्य चुकेल. म्हणजे आपलेच डोळे गेले. नसलेले तारे दिसायला लागले. अण्णांच्या वाटेनं निघालो आपण.

चौथं पाकीट मृगातल्या तेजोमेघाचं, ते उघडायचा त्याला धीर झाला नाही. वर अक्काच्या अक्षरात 'आभाळ' लिहिलेलं. तसंच ते त्यानं आकाशप्रेमी मंडळाला पाठवलं: बघा, तुम्हाला तरी तेजोमेघ दिसतो का. आठवड्यानं अध्यक्षांचं पत्र आलं.

"आपला तेजोमेघ पाहून सभा भारावली. मध्यभागीचा मिशीसारखा जाड काळा पट्टा आजवर कुणी टिपला नव्हता. त्याच्या वरची दोन छिद्रं कशाची, यावर दोन तास वाद झाला. चिटणीस राजीनामा देऊन गेले."

छोट्यानं पत्र तीनदा वाचलं. मिशी? मला दिसले ते तारे जगात नाहीत, आणि जगाला दिसली ती मिशी मला नाही. तो उठला, बाजारात गेला आणि पितळी कुलूप घेऊन आला.

"काय वाजलं रे?" अक्कानं विचारलं.

"कुलूप. माझे डोळे गेले, अक्का. अण्णांचा शब्द आहे. शनिवारी दुकान बंद."

माऊसवरचा तिचा हात थांबला. या स्टुलाखेरीज तिचं जगात होतं काय? "घाई कशाला," एवढंच ती पुटपुटली.

शनिवारी छोट्या कुलपात किल्ली फिरवून बघत होता, तेवढ्यात दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर आत आला. ओठावर झुपकेदार मिशी, तोंडावर निवडणूक जिंकल्याचं हसू.

"मालक, हात द्या हात! जन्मात पहिल्यांदा माझा फोटो चांगला आलाय." त्यानं नवं कोरं लायसन्स पुढं केलं.

त्यावर गुलाबी तेजोमेघ होता. मृगातलाच. तारे तेवढे नव्हते, एकूण एक पुसलेले.

"हे... तुम्ही?"

"मीच की! कचेरीतल्या कारकुनानं दोनदा फोटो बघितला, दोनदा मला. म्हणाला, कान नीट दिसत नाहीत, पण चालेल. काल पोलिसानं गाडी अडवली. लायसन्स बघून म्हणतो, 'जरा उतरलायत हो.' आणि बायको म्हणते, फोटोत तुमचा स्वभाव आलाय."

"कसा?"

"पसरट."

बोलता बोलता तो आरशाकडं सरकला आणि मिशी न्याहाळू लागला. छोट्याही त्या मिशीकडं बघत राहिला. मग तेजोमेघाकडं. मग मंडळाच्या पत्राकडं. ह्याचा फोटो 'आभाळ'च्या पाकिटात, आभाळाचा ह्याच्या. आणि डाग समजून पुसलेला एकेक तारा! म्हणजे आपले डोळे शाबूत आहेत! त्याचा जीव भांड्यात पडला. मग गेले कुणाचे? तो हळूच वळला.

"अक्का, गिऱ्हाईक आलंय. बसव ना त्यांना."

अक्का लगबगीनं उठली, केस सारखे केले, तोंड भरून हसली. "या हो, बसा," ती कोपऱ्यातल्या कोटाला म्हणाली.

ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं आणि गुपचूप टोपी काढली. छोट्यानं कुलूप पाठीमागं लपवलं. कुणी बोलेना. ती शांतता अक्काला नीट ऐकू आली. चाचपडत तिनं हात पुढं केला. बोटांना बाही लागली, बाहीत हात नव्हता.

"दोन वर्षं नजर जातेय, छोट्या," ती म्हणाली. "यंदा तर नुसता उजेड कळतो, माणूस कळत नाही. जिथं चमकलं, तिथं पुसलं. तुझे तारे मीच पुसले रे. आणि हा... कोटच ना हा? ह्याला मी रोज सकाळी 'बसा' म्हणते, आणि हा मेला बसत नाही म्हणून दिवसभर मनातल्या मनात रागावते."