पायपाला भोक

व्यंकटची मोटार सकाळपासून नुसतीच ओरडत होती आणि पायपातून थेंबही येत नव्हता. चैत्र संपत आला होता, विहिरीचं पाणी तळाला गेलं होतं, आणि नुकतंच लावलेलं आल्याचं बेणं वाफ्यात कोरडं पडलं होतं. आता पाणी मिळालं नाही तर ते जमिनीतच सुकणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. व्यंकटला मात्र दुसरंच कळलं. विहिरीच्या काठावर उभं राहून, पलीकडच्या वावराकडं तोंड करून तो सुरू झाला.

"त्यानं माझ्या पायपाला भोक पाडलंय. त्याला पाणी येतंय अन् मला कामून येईना?"

'तो' म्हणजे थोरला भाऊ उद्धवराव. वाटणीत जमिनीचे सरळ दोन तुकडे झाले, पण विहीर काही कापता येईना, ती दोघांची राहिली. उद्धवरावाच्या बाजूला विहिरीत बरंच खाली खडकाचा रुंद कट्टा होता. पाणी उतरलं तशी त्यानं आपली मोटार त्या कट्ट्यावर नेऊन ठेवली. व्यंकटच्या बाजूला सरळसोट कडा, त्यामुळे त्याची मोटार काठावरच. वाटणीपासून दोन घरांत देवाणघेवाण उरली होती ती फक्त शिव्यांची.

व्यंकटची बायको विजयश्री खटकचिंचोळीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. हवेच्या दाबाचा धडा तिनं झोपेतही शिकवला असता. वर्गातली मठ्ठ पोरंही शेवटी तो समजून घ्यायची. घरात मात्र पालथ्या घड्यावर पाणी.

"मोटार पाणी ओढत नसती," ती म्हणाली. "ती पायपातली हवा काढती. बाहेरची हवा विहिरीतल्या पाण्याला दाबायलीय, म्हणून पाणी पायपात वर चढतंय. हवेचा जोर तेवढाच. पाण्यापासून पंचवीसेक फुटांच्या वर मोटार ठेवली की तिला पाणी यायचं न्हाई. मग ती कितीबी मोठी असू द्या. मोटार खाली न्यावी लागती."

"हवेत जोर असतोय व्हय?" व्यंकट बांधावरच्या गड्यांना ऐकू जाईल असा हसला. "मास्तरीणबाई, शाळेला सुट्टी लागलीय. भाकऱ्या थापा जावा."

आणि नौबादेहून तो दीडपट मोठी मोटार घेऊन आला. नारळ फोडला, गुलाल लावला, बटण दाबलं. मोटार अशी गरजली की बांधावरचे बगळे उडाले. पाणी आलं नाही.

मग तो कुऱ्हाड घेऊनच निघाला. उद्धवरावही काठी घेऊन विहिरीवर आला आणि तमाशाला चार लोक जमले. विजयश्रीनं नवऱ्याचा हात धरला नाही, तेवढी माया तिच्यात उरली नव्हती. तिनं बादली उचलली.

"भोक असंल तर आत्ता कळंल. मोटारीच्या तोंडातून पायपात पाणी भरा. तळाला व्हॉल हाय, तो पाणी धरून ठेवतोय. भोक असलं तर पाणी गळून खाली जाईल."

गड्यांनी बादल्या ओतल्या. पाईप काठोकाठ भरला आणि तसाच भरलेला राहिला. लोक बघत राहिले. पाणी बोटभरही उतरलं नाही.

"भोक न्हाई," विजयश्री म्हणाली. "शहाळ्याच्या नळीला भोक पडलं तर कितीबी ओढा, तोंडात हवाच येती. तसंच हे. पाण्याच्या वर दाभणाएवढं भोक पडलं, की चांगली मोटारबी बसती. तुमच्या पायपाला ते न्हाई. थोरल्या अण्णांनी काही केलेलं न्हाई."

व्यंकटची मान खाली गेली नाही, पण कुऱ्हाड गेली. उद्धवरावाला चेव चढला. देतानाही चिमटा काढून द्यायची त्याची जुनी खोड.

"माझ्या कट्ट्यावर जागा हाय, बाई. ठेवू दे त्याला मोटार. फक्त ह्या चार लोकांत म्हणू दे, 'अण्णा, मी खोटं बोललो.'"

व्यंकट पचकन थुंकला. "आलं जळू दे. त्याच्या कट्ट्यावर मी पाय ठेवणार न्हाई."

घरी विजयश्रीनं विनवलं, मग भांडली. एक वाक्य म्हणायचं होतं, त्यात काय जीव जाणार होता? व्यंकटनं जेवणाचं ताट भिरकावलं. दुसऱ्या दिवसापासून ती हापशाच्या घागरी वाहून वाफे भिजवू लागली. एका ठिकाणी माती उकरून पाहिली तर बेणं सुरकुतलं होतं. तिथंच बसून ती रडली, आणि त्या माणसाचा तिला इतका राग आला की रडूही पुरेना.

भालकीच्या बाजाराला उद्धवराव गेला, त्या दिवशी संध्याकाळी ती घागर ठेवून घरात आली तर व्यंकट आंघोळ करून बसला होता. स्वारी खुशीत होती. खुंटीवर त्याचा पायजमा, दोन्ही गुडघ्यांना हिरवं शेवाळ. असं शेवाळ विहिरीतल्या कट्ट्याशिवाय कुठं नव्हतं.

"हौदात पाय घसरला," तो म्हणाला. तिनं विचारलंही नव्हतं.

कट्ट्यावर मोटारीला जागा बघून आला असेल, असं तिला वाटलं. बायकांच्या आशेला काही धरबंध नसतो. तिनं त्याच्या चहात जास्तीची साखर घातली.

सकाळी उद्धवराव दारात उभा. वाटणीनंतर पहिल्यांदा. मागं त्याची बायको राजूबाई, पदर तोंडावर.

"बाई, माझी मोटार नुसती वरडायलीय. पाणी न्हाई. तुझं पुस्तक काय म्हणतंय?"

ओट्यावर बशीतून चहा पिणाऱ्या व्यंकटनं मान वर केली. "पाणी खाली गेलं असंल, अण्णा. हवेचा जोर कमी पडायलाय. मोटार पाणी ओढत नसती, म्हाईत न्हाई व्हय?"

वाक्य विजयश्रीचंच, जसंच्या तसं. तिनं बादली उचलली आणि विहिरीची वाट धरली. तिघंही मागोमाग आले.

उद्धवरावाला घेऊन ती कट्ट्यावर उतरली आणि तिनं त्याच्या पायपात पाणी ओतलं. ते खाली गेलं. पुन्हा ओतलं, पुन्हा गेलं.

"भोक हाय," ती म्हणाली. "पाण्याच्या वर, पायपाच्या मागच्या अंगाला हात फिरवून बघा."

उद्धवरावाचं बोट भोकावर थांबलं. "कुणी पाडलं?"

"ते पुस्तकात न्हाई. आमच्या खुंटीवरच्या पायजम्यावर हाय. गुडघ्यांना ह्या कट्ट्याचं शेवाळ लागलंय."

राजूबाईनं पदर काढून व्यंकटच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू केला. त्या पिढ्या आपल्या नवऱ्याच्याही आहेत, हे तिच्या ध्यानात आलं नाही. व्यंकट काठावरून बायकोवर ओरडला, "घरभेदी! आता घरात पाय ठेवलास तर तंगडी तोडीन."

"लग्नापासून माझं एक अक्षर तुमी ऐकलं न्हाई," खालून विजयश्री म्हणाली. "आलं वाळलं तरी ऐकलं न्हाई. ऐकलं ते एवढंच, भोक कुठं पाडायचं ते."

उद्धवराव मोठ्यानं हसला. ती त्याच्याकडं वळली. "तुमी हसू नका, अण्णा. कट्टा मुकाट्यानं दिला असता तर पाईप फुटला नसता. तुमाला पाणी द्यायचं नव्हतं, त्यांना वाकवायचं होतं."

त्याचं हसणं थांबलं. वर व्यंकट अजून शिव्या देत होता आणि राजूबाई त्याला पुरी पडत होती. विजयश्रीनं बादली कट्ट्यावरच सोडली, वर आली आणि घराचा रस्ता टाळून भालकीच्या बसच्या थांब्याकडं निघाली. तिच्या माहेरी विहीर एकाच माणसाची होती.